पाच किलोंपैकी दीड

त्याने दुसरं लोखंडी वजन काट्यावर पहिल्याच्या शेजारी ठेवलं आणि हात काढून घेतले. चाळीस यायला हवे होते. सदतीस पॉइंट नऊ आले.

तिसरं ठेवलं. साठच्या जागी छप्पन्न पॉइंट आठ.

चौथं ठेवण्याआधी त्याने ते उलटं केलं आणि तळावर ठोकलेला तपासणीचा शिक्का पाहिला. शिक्का याच वर्षीचा होता. वजन ठेवलं. ऐंशीच्या जागी पंचाहत्तर पॉइंट आठ.

दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत त्या वेळी कोणी नव्हतं. डॉक्टरांचा सकाळी फोन आला होता की काट्याचा शेवटचा आकडा सारखा लुकलुकतोय, येऊन बघून जा. लुकलुकण्याचं कारण पाच मिनिटांत सापडलं. एक तार सैल झाली होती. ती घट्ट केल्यावर, आलोच आहे तर वजनं लावून बघू, म्हणून तो पुन्हा खाली गेला आणि व्हॅनमधली वीस-वीस किलोंची चार वजनं घेऊन आला. आज लिफ्ट चालू होती. दोन महिन्यांपूर्वी, काट्याचे पाय बदलायला आला होता तेव्हा, बंद होती. ऐंशी किलो लोखंड तीन जिने चढवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्या दिवशी त्याने खिसे रिकामे केले, बूट काढले, स्वतःच काट्यावर उभा राहिला आणि आकडा बहात्तर होईपर्यंत काटा जुळवला.

त्याचं वजन बहात्तर होतं. हे त्यालाच नव्हे, बाजारातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. मालगोदामात नोकरीला असताना तो रोज सकाळी तिथल्या काट्यावर उभा राही आणि रोज सकाळी बहात्तर भरे, पाव किलो इकडे नाही की तिकडे नाही. तिथल्या मुकादमाने त्याचं नावच बहात्तर पाडलं. पुढे त्याने नोकरी सोडली, काटे दुरुस्तीचा स्वतःचा धंदा सुरू केला, केस मागे हटले, चष्मा लागला. नाव तेच राहिलं.

आता त्याने चारही वजनं उतरवली, किल्ल्या, फोन आणि पेचकस टेबलावर काढून ठेवले आणि काट्यावर चढला. बहात्तर. अगदी बरोबर बहात्तर. क्षणभर त्याला वाटलं की लोखंडच झिजलंय.

मग तो खाली उतरला. पाठीमागचं झाकण उघडून त्याने काटा लोखंडाप्रमाणे जुळवला. वीसला वीस, चाळीसला चाळीस, साठला साठ, ऐंशीला ऐंशी. वजनं बाजूला केली आणि पुन्हा चढला.

शहात्तर.

उतरला, परत चढला. काट्याने मत बदललं नाही. त्याने पँटच्या कमरेत दोन बोटं घालून पाहिली. नेहमीसारखी आरामात गेली. तो काट्याकडे बघत राहिला. समोरचा माणूस खोटं बोलत नाही हे पटलंय, पण ऐकून घ्यायला थोडा वेळ हवाय, अशी त्याची अवस्था झाली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्याने खिशातल्या वहीत हिशेब मांडला. शहात्तर किलोंच्या माणसाला या काट्याने दोन महिने बहात्तर म्हटलं होतं. मग ज्याला त्रेसष्ट म्हटलं, तो किती? उत्तर आल्यावर त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

साडेसहासष्ट.

त्रेसष्ट हा त्याच्या बायकोचा आकडा होता.

*

बायको कपडे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, आरसा आणि एक बिनडोक्याचा पुतळा. दिवसभर बसून काम. गेल्या वर्षी गुडघा कुरकुरू लागला, रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टर म्हणाल्या की उंचीच्या मानाने वजन पाच-सहा किलोंनी कमी झालं तर बरं. सहा महिने चालून, जेवण आवरून एक किलो गेला आणि परत आला. तेव्हा तिनेच वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं काढलं. डॉक्टर आधी नाही म्हणाल्या. एवढ्याशा वजनासाठी हे औषध मी सहसा देत नाही, त्यात मळमळतं, सोडलं की वजन परत येऊ शकतं, नीट विचार करा, म्हणाल्या. रक्ताचे अहवाल पुन्हा बघून मग त्यांनी लहानातला लहान डोस सुरू केला. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पोटावर.

सुरुवातीचं वजन अडुसष्ट. ते अर्थात काट्याचे पाय बदलण्याच्या आधीचं, म्हणजे खरं. पहिल्या महिन्याच्या शेवटी काटा म्हणाला, चौसष्ट. दुसऱ्याच्या शेवटी, त्रेसष्ट. त्या दिवशी तिने घरी पोचायची वाट पाहिली नव्हती. दवाखान्याच्या खालच्या फुटपाथवरूनच फोन केला.

"अहो, पाच! पाचच्या पाच!"

"पाच काय?"

"किलो हो! अजून काय असणार? आंबट चेहरा करू नका, मला इथून दिसतोय."

त्याच संध्याकाळी तिने पेटीच्या तळातलं निळं कापड काढलं. नऊ वर्षांपूर्वी घेतलं होतं. पाच किलो उतरल्याशिवाय याला कात्री लावणार नाही, असं ती दर वर्षी म्हणायची आणि घडी बदलून परत ठेवायची. गेल्या आठवड्यात ते कापड कापून झालं. तेव्हापासून ती मशीनवर बसल्या बसल्या गाणी म्हणत होती. तिला सूर नव्हता, त्यामुळे कोणतं गाणं आहे हे तिसऱ्या ओळीपर्यंत कळत नसे. पण आवाज मोठा होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी पाच किलोंची बातमी मिळत होती आणि मग ब्लाउज.

कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही. तपासणीच्या खोलीतून डॉक्टरांच्या खोलीकडे जाताना त्याच्या डोक्यात एवढंच होतं.

*

डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग नोंदवही ओढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून थांबल्या.

"इंजेक्शनवाले अकरा पेशंट आहेत माझे," त्या म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात अकराच्या अकरा जणांचं झरझर उतरलं. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांचं मंदावलं. मी बहिणीला फोन करून सांगितलं हो, की माझे पेशंट कसे शिस्तीचे आहेत म्हणून."

"चूक माझी आहे. वजनं वर आणायला हवी होती."

"हवीच होती." त्यांनी वही मिटली. आवाज चढला नाही, पण पुढचं वाक्य त्यांनी सावकाश उच्चारलं. "यावरून मी डोस ठरवते, बहात्तर. नशीब, सगळे अजून पहिल्याच पायरीवर आहेत. कोणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडू शकलं असतं."

"हो."

"शनिवारी सगळ्यांना बोलावते. परत वजन करू. काय झालं ते त्यांना तुम्ही सांगायचं."

"सांगतो."

"आणि घरी?"

तो पेचकस हातात फिरवत राहिला.

"घरी मी फोन करू का?" डॉक्टरांनी विचारलं. आता आवाज जरा सैलावला होता. "त्या मागच्या वेळी आल्या तेव्हा माझ्या नर्सला मिठी मारून गेल्या."

"नको. मीच सांगतो."

"आजच?"

"आजच," तो म्हणाला. मग दारापर्यंत जाऊन वळला. "तसं पाहिलं तर दीड किलो उतरलंय. अगदीच काही नाही असं नाही."

"दोन महिन्यांत, एवढ्या कमी डोसवर, दीड किलो चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण पाच ऐकल्यावर दीड ऐकायला कोणाला आवडतं?"

*

घराशी व्हॅन लावून तो काही वेळ आतच बसला. पुढच्या खोलीची खिडकी उघडी होती. मशीनचा आवाज नव्हता. गाणं होतं.

तो आत गेला तेव्हा ती आरशासमोर उभी होती. निळा ड्रेस पूर्ण झाला होता. गळ्याशी बारीक टाके, बाही कोपराच्या खाली बेतशीर संपलेली. टेपचा पट्टा अजून मानेत होता, तोंडात दोन टाचण्या. त्याला बघून तिने टाचण्या काढल्या.

"बरे आलात. मागचा हूक लावा. माझा हात पोचत नाही."

"अगं, मला जरा बोलायचंय."

"आधी हूक. मग भाषण."

तो तिच्या मागे उभा राहिला. आता कापड ताणलं जाणार, दोन्ही टोकं भेटणार नाहीत आणि सांगायचं ते कापडच सांगून टाकणार, असं त्याला वाटत होतं. त्याने दोन्ही बाजू धरल्या. हूक सहज लागला. ओढावं लागलं नाही. तिने श्वासही आत घेतला नव्हता.

त्याने हूक काढला आणि पुन्हा लावला.

"काय चाललंय?"

"हे बसलं कसं?"

"म्हणजे काय, बसलं कसं? मी शिवलंय." ती आरशातून त्याच्याकडे बघत होती. "तीस वर्षं शिवतेय. माझंच मला बसू नये?"

"पण तू तर त्रेसष्टाच्या हिशेबाने..."

"कापड वजनाने कापतात का? टेपने कापतात."

तो मागे सरकून गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसला. खुर्चीवर कोणाचा तरी परकर होता, तो त्याने उचलून मांडीवर घेतला.

"तुझं वजन त्रेसष्ट नाहीये," तो म्हणाला. "साडेसहासष्ट आहे. दीडच किलो उतरलंय."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"किती ते नव्हतं माहीत. पण पाच नाही, एवढं माहीत होतं." तिने मानेतला टेप काढून हाताभोवती गुंडाळायला घेतला. "पहिल्या महिन्यात चार किलो गेले म्हणाल्या ना डॉक्टर, तर घरी येऊन मी टेप लावला. अर्धा इंच. चार किलो गेले आणि कंबर अर्धाच इंच? कोणत्या बाईची? मी रोज दहा जणींची मापं घेते."

"मग बोलली का नाहीस?"

ती टेप गुंडाळत राहिली. गुंडाळून झाला तो परत सोडला आणि नव्याने गुंडाळायला लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्या अशा व्हायच्या.

"मला वाटलं, तुम्ही केलंत."

"मी? काय केलं?"

"काट्याला. माझ्यासाठी."

बाहेर एक स्कूटर थांबली, कोणीतरी कोणालातरी हाक मारली, स्कूटर गेली.

"एवढी वर्षं बघतेय," ती म्हणाली. "तुमच्या सख्ख्या भावाच्या दुकानातल्या काट्यालासुद्धा तुम्ही कधी सूट दिली नाहीत. त्याने दोन महिने तोंड फिरवलं तरी नाही. आणि मी डॉक्टरांकडे गेले, लगेच तुम्ही काटा दुरुस्त करायला गेलात, आणि माझे चार किलो गेले! आता मी काय समजायचं? मला वाटलं, या माणसाने जन्मात पहिल्यांदा खोटेपणा केला, तो बायकोसाठी. बाकीच्या पेशंटांचीही वजनं कमी दिसणार, ते मात्र पटलं नव्हतं. ते मी तुम्हाला बोलणारच होते. पण म्हटलं, चार दिवस जाऊ देत. चार दिवस जरा मजा घेऊ."

तो परकराची नाडी बोटाला गुंडाळत होता. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टरांना खरं सांगून झालं होतं, काटा बरोबर झाला होता, शनिवारी लोकांनाही कळणारच होतं. इथे, या खोलीत, एक हो म्हणून टाकायचं आणि ती जन्मभर गाणं म्हणणार.

"मी मुद्दाम नव्हतं केलं," तो म्हणाला.

टेप थांबला.

"लिफ्ट बंद होती. वजनं वर नेली नाहीत. स्वतः उभा राहिलो आणि बहात्तरला जुळवला. मी बहात्तर नाहीये. शहात्तर आहे. आज कळलं."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं."

"नव्हतं गं."

ती मशीनच्या स्टुलावर बसली. नव्या ड्रेसला चुणी पडेल याची तिने फिकीर केली नाही. तिचा चेहरा पाहवेना म्हणून तो पुतळ्याकडे बघून बोलायला लागला.

"मला कळायला हवं होतं. चार किलो म्हणजे काही थोडे नाहीत. पण कळणार कसं? सदरे आधीपासून ढगळ. आणि पँट तर कधी घट्ट झालीच नाही. आजसुद्धा बघितलं, दोन बोटं जातात."

तिने तोंडावर हात ठेवला. त्याला वाटलं, रडतेय. तो उठून जवळ गेला तर तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती.

"काय झालं?"

"पँट द्या."

"काय?"

"आत जा, लुंगी-पायजमा काय ते घाला आणि ही पँट मला द्या. विचारू नका."

पायजमा घालून तो बाहेर आला. तिने पँट मशीनवर पसरली, कंबरेची पट्टी मागच्या बाजूने उलटली आणि दिवा जवळ ओढला.

"चष्मा लावलाय ना? बघा."

मधल्या शिवणीच्या शेजारी सुईच्या भोकांची एक ओळ होती. उसवलेल्या जुन्या शिवणीची. तिच्या आत अजून एक. तिच्याही आत, जवळजवळ पुसट झालेली, तिसरी.

"ही पहिली, तुम्ही धंदा सुरू केलात त्या वर्षीची. दिवसभर व्हॅनमध्ये बसायला लागलात ना, तेव्हाची. ही दुसरी. आणि ही गेल्या हिवाळ्यातली." ती शिंपिणीच्या कोरड्या आवाजात सांगत होती, पण आवाज मधेच फुटत होता. "दर वेळी पाव इंच, अर्धा इंच शिवण सोडून सैल केली. सगळ्या पँटी. एकदम सगळ्या नाही हं, धुवायला पडेल तशी एकेक. एकदम सोडल्या असत्या तर तुम्हाला पत्ता लागला असता."

"सातही?"

"सातही. आणि तुमचा तो कोट."

"पण का?"

"का म्हणजे?" तिने पट्टी सरळ केली, तळहाताने दाबली. "तो मुकादम रस्त्याच्या पलीकडून ओरडतो, 'काय बहात्तर!' तेव्हा तुम्ही कसे हात वर करता, ते बघितलंय का कधी स्वतः? एखाद्याला सरकारी पदवी मिळाल्यासारखे. मी कशाला त्यात पाचर मारू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून जेवण निम्मं केलं असतंत आणि घरभर तोंड वाकडं करून फिरला असतात."

त्याने बोटाने भोकांची एक ओळ चाचपली. मग दुसरी.

"म्हणजे," तो म्हणाला, "तू पँट सोडलीस म्हणून मला माझं वजन कळलं नाही. मला कळलं नाही म्हणून काटा चुकला. काटा चुकला म्हणून तुझे पाच किलो उतरले."

"असं सगळं माझ्यावर ढकलू नका. वजनं वर न्यायचा आळस कोणी केला?"

"निम्मं निम्मं."

"दोन-दोन किलो," ती म्हणाली, आणि मग मात्र दोघांनाही हसू आवरेना. शेजारची बाई ब्लाउज घ्यायला दारात आली, पायजम्यातला शिंपिणीचा नवरा आणि मशीनवर पसरलेली त्याची पँट पाहून नंतर येते म्हणाली आणि गेली. त्यावर ती इतकी हसली की हूक आपोआप सुटला.

*

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत अकरा माणसं बसली होती. दहा जणांना माहीत नव्हतं कशाला बोलावलंय. अकरावी निळ्या ड्रेसमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर होती.

त्याने काटा तिथे बाहेर आणला होता आणि चारही वजनं आदल्या दिवशीच वर आणून ठेवली होती. सगळ्यांसमोर ती एकेक करून काट्यावर ठेवली, आकडे दाखवले, आणि मग वळून, हात मागे बांधून, काय झालं ते सांगितलं. लिफ्ट, आळस, बहात्तर, शहात्तर. काही गाळलं नाही.

गणिताच्या निवृत्त बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडले.

"एकोणिसाला अठरा," त्या म्हणाल्या. "काट्याने जे सांगितलं त्यात त्याचाच अठरावा भाग मिळवा. संपलं. यात तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

"तुम्हाला काय बाई," मागून एक बसचालक म्हणाला. तो आडवा-तिडवा माणूस होता. "मी डेपोत सगळ्यांना पेढे वाटल्यासारखं सांगून आलोय, सात किलो गेले म्हणून. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय मी!"

"भोक कुठे पडतं?" निळ्या ड्रेसमधून प्रश्न आला.

"अं?"

"पट्टा त्या नव्या भोकात लागतो का?"

बसचालकाने सदरा वर करून पाहिलं. "लागतो की."

"मग ते भोक खरं आहे. ते तुमचं. काटा काय म्हणतो ते काट्यापाशी." ती उठली. "आता कोणीतरी आधी चढायला हवं ना? मी चढते."

चपला काढून ती काट्यावर गेली. त्याने आकडा पाहिला आणि वहीत लिहायला खाली वाकला.

"वाचा ना," ती म्हणाली.

"साडेसहासष्ट."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"साडेसहासष्ट!"

"अडुसष्टाचे साडेसहासष्ट," तिने खोलीला सांगितलं. "दीड किलो. डॉक्टर म्हणतात चांगलं आहे. आणि हा ड्रेस मी शिवलाय, कोणाला मापं घेऊन शिवून हवा असेल तर पत्ता देते." आणि तिथेच, काट्यावरच, गिऱ्हाइकाला पाठ दाखवावी तशी एक सावकाश गिरकी घेतली.

बाई टाळ्या वाजवू लागल्या. मग बसचालकही.

त्यानंतर रांग भराभर पुढे सरकली. जो तो आपला आकडा स्वतःच मोठ्याने वाचू लागला. कोणाचे सातातले अडीच राहिले, कोणाचे चारातले काहीच नाही. ज्यांचं काहीच राहिलं नाही त्यांनी सर्वांत जास्त आरडाओरडा केला. डॉक्टरांनी दारात उभं राहून नव्या पानावर नवे आकडे उतरवले. अकरा झाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सगळे संपले?"

"संपले कसे?" बसचालक म्हणाला. "आमचे सगळ्यांचे झाले. आता बहात्तरांचं करा."

"करा की," तो म्हणाला. त्याने किल्ल्या, फोन, पेचकस बाजूच्या टेबलावर ठेवले, बूट काढले आणि चढला. आकडा पुढे धावला तेवढ्यात काटा पुन्हा हलला. ती शेजारी येऊन उभी राहिली होती.

"अगं, काय करतेस? एकाचाच काटा आहे तो."

"दीडशेपर्यंत चालतो ना? मग मावतो आपण."

जागा पुरत नव्हती. तिने एका हाताने त्याचा दंड धरला आणि एक पाऊल त्याच्या पावलावर टेकवलं. आकडा एकशे एक्केचाळीसवर गेला, तिथून एकशे चव्वेचाळीसवर उडाला, परत खाली आला. सगळी खोली माना उंच करून बघत होती.

"किती?" बसचालकाने विचारलं. "आणि त्यातले वहिनींचे किती?"

"सांगते हं, थांबा," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

काटा ठरल्याशिवाय आकडा वाचायची त्याला सवय नव्हती. तो थांबला. ती हसायची थांबत नव्हती, त्यामुळे आकडाही ठरत नव्हता, आणि तो तिला थांब म्हणाला नाही.